पाचशे मीटरच्या प्लॉटात कुळागर

गोव्यात बाग बिघडते ती बहुतेक वेळा झाडांच्या निवडीमुळे नाही, पाण्यामुळे. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरच्या गडगडाटी सरी संपल्या की मेअखेरपर्यंत आकाश कोरडं. एक झाड जुलैत मुळं कुजून पिवळं पडतं, त्याच खड्ड्यात लावलेलं दुसरं एप्रिलात करपतं, आणि मालक नर्सरीवाल्याच्या नावाने बोटं मोडतो. म्हणून कागदावर पहिली रेघ पाण्याची ओढायची: जुलैत ते कुठून बाहेर जाणार आणि एप्रिलात कुठून आत येणार. पायवाटा, फुलझाडं, बसायची जागा हे सगळं नंतर.

फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतली कुळागरं, म्हणजे माड-पोफळींच्या मिश्र बागा, याच हिशेबावर उभी आहेत. डोंगराच्या पायथ्याला, झरीच्या खालच्या अंगाला जागा धरायची. झरीचं पाणी तळीत अडवून पाटाने खाली आणायचं आणि पोफळींच्या रांगांमधल्या चरांतून फिरवायचं. पावसात हेच चर जादा पाणी बाहेर काढतात, उन्हाळ्यात हेच पाणी मुळांशी नेतात. वर माड, त्याखाली पोफळ, तिच्या सावलीत जायफळ, कोकम आणि केळ, जमिनीलगत अननस, आलं, हळद, आणि खोडांवर मिरी, नागवेल. जमिनीचा वीतभर तुकडाही उघडा राहत नाही, त्यामुळे चार महिन्यांचा मारा सोसूनही माती जागेवर राहते.

पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून काजू, अननस, पपई, पेरू, मिरची आली ती याच रचनेत सामावली. आंब्याची कलमं बांधायची पद्धत जेजुइट पाद्र्यांनी इथे रुजवली. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, आणि पणजीत चर्चजवळच्या बागेला आज त्याचंच नाव आहे. घरांभोवती मात्र दोन तऱ्हा दिसतात. बाल्कांवासमोर, म्हणजे दर्शनी बैठकीच्या ओसरीसमोर, क्रोटन, नेचे, बोगनवेल अशी शोभेची बाग. नाहीतर अंगणात तुळशी वृंदावन, कडेला अबोली, जास्वंद, पारिजातक. मागच्या बाजूला दोन्ही घरं सारखीच: न्हाणीचं पाणी केळींना, परसात माड आणि भाजी. जांभ्याचा उतार जेसीबीने सपाट करून त्यावर हिरवळ अंथरायची टूम ही अलीकडची, आणि गोव्याच्या हवेला सगळ्यांत न मानवणारी.

खाली जे दिलं आहे ते ५०० चौरस मीटरच्या प्लॉटासाठी. पूर्व-पश्चिम २५ मीटर, दक्षिण-उत्तर २० मीटर, रस्ता पूर्वेला, मध्ये साधारण १२ बाय १२.५ मीटरचं घर. पुढे ४ मीटर, दोन्ही बाजूंना चार-चार मीटर आणि मागे ८.५ मीटर जागा उरते. तुमचं माप वेगळं असेल, दिशा वेगळ्या असतील; हिशेबाची रीत बदलत नाही.

मोजणी

गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या आणि प्लॉटाच्या चारी कोपऱ्यांची, घराच्या जोत्याची आणि रस्त्याच्या गटाराची उंची मोजून कागदावर लिहा. जागा डोळ्यांना सपाट वाटते तिथेही वीसेक सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. तेवढ्या फरकावर पाणी जोत्याकडे वळेल की गटाराकडे, ते ठरतं. जमलं तर जून-जुलैत एखाद्या मोठ्या सरीत छत्री घेऊन फिरा, पाणी कुठे साचतं तिथे खुंट्या ठोका आणि मगच खड्डे आखा.

छपराचं पाणी आकड्यात मोजा, नाहीतर त्याचा अंदाज येत नाही. १५० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत असे दिवस येतात, तर १५,००० लिटर पाणी खाली येतं. उताराच्या कौलारू छपराचं निम्मं पाणी मागच्या परसात पडणार असेल तर ते ७,५०० लिटर. दीड मीटर खोल, १.२ बाय १.२ मीटरच्या झिरपखड्ड्यात दगड भरल्यावर पाणी मावतं ते आठ-नऊशे लिटर. म्हणजे नुसता झिरपखड्डा खणून भागत नाही. तो भरल्यावर पाणी पुढे जाईल अशी वाट लागतेच. खड्डा जोत्यापासून किमान ३ मीटर दूर घ्या आणि सेप्टिक टाकीच्या शोषखड्ड्याशी त्याची गाठ पडू देऊ नका.

जमीन पाणी किती पिते हेही बघा. ३० सेंटिमीटर रुंद, ४५ खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. ५ सेंटिमीटर किंवा जास्त उतरली तर बहुतेक झाडं चालतील. दोनच्या आत असेल तर तिथे झाड खड्ड्यात नको, उंचवट्यावर हवं. किनाऱ्याच्या वाळूत पाणी क्षणात नाहीसं होतं. तिथे अडचण निचऱ्याची नसून ओल आणि खत टिकण्याची असते. खाजनालगतच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीलगतच्या, जागेत उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं का ते आधी विचारून घ्या. होत असेल तर माड, चिक्कू तग धरतील. जायफळ आणि मिरीचा नाद सोडा.

उन्हाची गोष्ट लोक विसरतात. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र दक्षिणेकडे ५१ अंशांपर्यंतच चढतो. १० मीटर उंचीच्या झाडाची सावली डिसेंबरात भर दुपारी उत्तरेला ८ मीटर पडते. भाजीचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणून भाजीचे वाफे घराच्या दक्षिणेला आणि त्यांच्या दक्षिणेला उंच झाड काही नाही. पश्चिमेचं दुपारचं ऊन आणि नैर्ऋत्येचा पावसाळी वारा अडवायला मोठी झाडं पश्चिमेला.

चर आणि आळी

छपराला पन्हळ नसेल तर पागोळ्यांखाली ४५ सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर खोल पट्टा खडीने भरा. इथे काही लावू नका. उंचावरून पडणारी धार माती उकरते, चिखल भिंतीवर उडवते आणि कोवळं रोप दोन दिवसांत उघडं पाडते. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेने ३० सेंटिमीटर रुंद, २५ खोल चर काढा, मीटरला १ सेंटिमीटर उतार द्या. उतार दुप्पट-तिप्पट झाला तर पाणी माती घेऊन जातं, अजिबात नसला तर डास होतात. हा चर परसातल्या झाडांच्या रांगेशेजारून नेऊन शेवटी गटाराला मिळवा. गटाराच्या तोंडाशी चिऱ्याची एक सरकती फळी ठेवली की कुळागराची युक्ती तुमच्या हाती आली: जून ते सप्टेंबर तोंड उघडं, ऑक्टोबरपासून बंद.

उतार जास्त असेल तर चिऱ्यांचे कोरडे बांध घाला. ६० सेंटिमीटर उंचीच्या बांधाला तळाशी ४५ सेंटिमीटर रुंदी द्या आणि दर्शनी बाजू वर जाताना सात-आठ सेंटिमीटर आत झुकवा. सिमेंटने सांधे भरायचा मोह आवरा. भरलेच तर दर मीटरला पाणी निघायला भोक ठेवा. मागे साचलेलं पाणी पहिल्याच पावसाळ्यात बांध ढकलून देतं.

आळ्यांचंही असंच. उन्हाळ्यात बांधलेलं गोल आळं जूनमध्ये उताराच्या बाजूने फोडायचं आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा बांधायचं. आळं बंदच राहिलं म्हणून जुलैत दगावलेली कलमं रोगाने मेलेल्यांपेक्षा जास्त असतील.

माती

जांभी माती आम्लधर्मी असते. त्यात लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर, त्यामुळे घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) त्यांच्याशी बांधलं जातं आणि मुळांना मिळत नाही. पालाश (पोटॅश) पावसाबरोबर वाहून जातं. म्हणून सुपर फॉस्फेट फेकून देण्यापेक्षा रॉक फॉस्फेट खड्ड्यात घाला, ते आम्ल मातीत हळूहळू विरघळतं. कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या. सामू (pH) ५.५ च्या खाली आला तर चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम कृषी चुना किंवा डोलोमाइट, मेमध्ये किंवा पाऊस ओसरल्यावर. चुना आणि शेणखत एकाच दिवशी मिसळू नका, शेणखतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

घर बांधताना जोत्यातून निघालेला लाल मुरूम बागेवर पसरण्याची सर्रास पद्धत आहे. त्यात सेंद्रिय काही नसतं आणि पहिल्या पावसात तो सिमेंटसारखा बसतो. बांधकाम सुरू होण्याआधी वरची १५ सेंटिमीटर माती काढून एका कोपऱ्यात रचून ठेवायला ठेकेदाराला सांगा. पुढे दोन ट्रक विकतची माती वाचते.

कुठे काय

मागची ८.५ बाय २० मीटर जागा हेच आपलं कुळागर. पश्चिमेच्या कुंपणापासून २.५ मीटर आत एक रेघ धरा. तिच्यावर दक्षिण टोकापासून २.५, १० आणि १७.५ मीटरवर तीन मोठ्या झाडांच्या जागा होतात. मधलं अंतर ७.५ मीटर, जे माडाला हवंच. दक्षिणेच्या दोन जागांवर माड, वायव्येच्या जागेवर मानकुराद आंब्याचं कलम. घराच्या भिंतीपासून ही रेघ ६ मीटर दूर पडते. माड याहून जवळ आणू नका. प्रश्न मुळांचा नाही, वाळलेल्या चुडतांचा (झावळ्यांचा) आणि नारळांचा आहे. गाडी उभी करायची जागा तर माडाखाली नकोच. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा, मिळणं दरवर्षी कठीण होत चाललं आहे. तो सहज मिळत नसेल तर ठेंगणी जात घ्या, खोबरं थोडं कमी पण शहाळी हाताने काढता येतात. उंच जातीत बाणवली इथली, आणि ती जास्त वर्षं जगते.

आंबा आणि फणस दोन्ही हवेत असं घरातले म्हणणारच. या मापात एकच बसतो. आंबा दर वर्षी फळं संपल्यावर, जूनच्या आत छाटून ५ मीटरात ठेवता येतो, फणस तसा आटोक्यात राहत नाही.

माडांच्या रेघेपासून पूर्वेला २.७ मीटरवर दुसरी रेघ पोफळींची. तिच्यावर २.७ मीटर अंतराने सहा पोफळी. कोवळ्या पोफळीचं खोड दुपारच्या उन्हाने भाजतं, साल तडकते आणि त्याच जागी पुढे खोड मोडतं. माड मोठे होईपर्यंत पश्चिमेला केळी हव्यात. म्हणून लावायचा क्रम असा: पहिल्या जूनमध्ये माड, आंबा आणि केळी, पुढच्या जूनमध्ये केळींच्या सावलीत पोफळी, तिसऱ्या वर्षी जायफळ किंवा कोकम. सगळं एकदम लावणाऱ्यांचं जायफळ पहिल्या मार्चमध्येच जातं.

जायफळ की कोकम? दोन माडांच्या बरोबर मध्ये, दोन्हींपासून ३.७५ मीटरवर, एकाचीच जागा आहे. उन्हाळ्यात पाण्याची खात्री असेल तर जायफळ. नसेल तर कोकम, म्हणजे इथली भिरंड, जे पाण्यावाचूनही निभावतं. दोन्हींत नर-मादी झाडं वेगळी असतात. बियांपासूनच्या रोपात नर निघाला तर ते सात-आठ वर्षांनी कळतं, तेव्हा मादी झाडाचंच कलम घ्या, आणि शेजारीपाजारी नर झाड आहे ना बघा. नसेल तर कलमाच्या एका फांदीवर नराची काडी बांधून घेता येते. कोकमात दापोलीच्या विद्यापीठाची कोकण अमृता ही जात चांगली आहे.

मिरीची घाई करू नका. पोफळीवर ती सात-आठ वर्षांनीच चढवायची, खोडाच्या उत्तर बाजूला, ७५ सेंटिमीटर दूर लावून काठीच्या आधाराने खोडाकडे नेत. तोवर हौस असेल तर झुडपी मिरी मोठ्या कुंडीत ठेवा. केळींना न्हाणीच्या पाण्याची वाट द्या. तिथे सावरबोंडी किंवा सालदाटी या जाती लावा. एका बुंध्याजवळ तीनच पिल्लं ठेवायची: एक घडावर, एक अर्ध्या वाढीचं, एक नुकतं फुटलेलं. बाकी काढून टाकली नाहीत तर दोन वर्षांत नुसती पानं मिळतात.

घराच्या उत्तरेची पट्टी हिवाळ्यात सावलीत आणि पावसाळ्यात उन्हात असते. आलं, हळद, अळू यांना हेच हवं. चतुर्थीच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीवर फळं-फुलं बांधतात त्या मांडवीचा, विचारही आताच करा. नारळ, सुपारीचं शिपटें (घोस) आणि केळीचा घड तुमच्याच परसातले होतील. चिबडाचा वेल जूनमध्ये मांडवाच्या कडेला टाकला की ऑगस्ट-सप्टेंबरात तोही हाताशी येतो.

खड्डे आणि लागवड

खड्डे एप्रिलात खणा आणि महिनाभर उन्हात तापू द्या. आंबा, कोकम, जायफळ यांना ६० सेंटिमीटर घनाचा खड्डा पुरतो, कातळ लागला तर मीटरभर. त्यात वरच्या थरातली माती, १० ते १५ किलो चांगलं कुजलेलं शेणखत, ३०० ग्रॅम रॉक फॉस्फेट आणि वाळवीसाठी अर्धा किलो करंज किंवा निंबोळी पेंड. भरताना जमिनीच्या वर १५ ते २० सेंटिमीटर उंच ढीग करा, पावसात तो तेवढाच खाली बसतो. समपातळीत भरलेला खड्डा जुलैपर्यंत खळगा होतो, आणि जांभ्यात खणलेला खळगा म्हणजे हौदच. निचरा वाईट असेल तिथे खड्ड्याच्या खालच्या अंगाने तळापर्यंत चर फोडून पाणी काढून द्या.

माडाचा खड्डा मोठा: जांभ्यात १.२ मीटर लांब, रुंद आणि खोल. तळाशी कडक जांभा असेल तर लागवडीच्या सहा महिने आधी २ किलो साधं मीठ तळात टाकतात; दगड मऊ पडतो. हे फक्त माडासाठी, दुसऱ्या कुठल्या झाडाच्या खड्ड्यात नाही. तळाला नारळाची सोडणं खोलगट बाजू वर करून दोन थरांत रचा, ती पाणी धरून ठेवतात. खड्डा अर्ध्यापर्यंत भरून रोप लावायचं आणि ते वाढेल तसा वर्षा-दोन वर्षांत पूर्ण भरायचा. या खोलगट खड्ड्यात पावसाचं पाणी उभं राहणार नाही याची सोय आधी करा. रोप ९ ते १२ महिन्यांचं, सहा पानं आणि बुंध्याचा घेर १० सेंटिमीटर असलेलं घ्या. पोफळीचं रोप वर्ष-दीड वर्षाचं, पाच पानांचं, बुटकं आणि बुंध्याला जाड. उंच लवलवीत रोप म्हणजे दाट सावलीत वाढलेलं.

मान्सूनच्या पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींनंतर लागवड. पाणी उभं राहणाऱ्या जागी मात्र सप्टेंबरपर्यंत थांबा. कलमाची पिशवी ब्लेडने उभी कापून काढा, मुळं तळाशी गोल फिरलेली असतील तर तो वेढा कापा. कलमाचा सांधा जमिनीच्या पाच ते आठ सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. सांधा मातीत गेला तर तिथून कूज सुरू होते. शिवाय सांध्याखालून फुटलेला कोंब दिसत नाही आणि पाच वर्षांनी मानकुरादऐवजी रायवळ आंबा लागतो. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी बहुतेकांची राहून जाते, ती खोडात रुतते आणि वाऱ्याने कलम तिथेच मोडतं. लावतानाच तपासा, सांधा पक्का दिसला तर काढून टाका.

अंगण

वृंदावनातली तुळस पावसाळ्यात मरते ती बहुधा एकाच कारणाने: वरच्या कुंडाला खाली भोक नसतं. नवं वृंदावन बांधताना दोन इंची पाइप तळातून बाजूला काढून ठेवा. जुन्याला ड्रिलने भोक पाडता येतं. तळात १५ ते २० सेंटिमीटर विटांचे तुकडे, वर माती, वाळू आणि शेणखत सारख्या प्रमाणात. मंजिऱ्या धरू लागल्या की खुडत राहा. बी धरलेली तुळस लाकडासारखी होऊन दोन-तीन वर्षांत संपते. मंजिरी चोळून जूनमध्ये कुंडीत टाकली की तुळशीच्या लग्नाला नवं रोप तयार असतं.

अबोली ३० सेंटिमीटर अंतराने, उंच वाफ्यावर. रोपं पिवळी पडून खुजी राहिली तर उपटून मुळं बघा. त्यावर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. त्या जागी वर्षभर झेंडू घ्या. मोगरा डिसेंबर-जानेवारीत गुडघ्याइतका छाटून, पंधरवडाभर पाणी तोडून मग खत-पाणी दिलं की मार्चपासून फुलतो. बोगनवेल नळाजवळ लावू नका. भरपूर पाणी मिळालं की नुसतं पान वाढवते. भिंतीलगत काहीही लावताना ६० सेंटिमीटर सोडा, नाहीतर पावसाळ्यात भिंत चार महिने ओली राहते.

हिरवळीबद्दल आकडाच पुरे. उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला पाचेक लिटर पाणी, म्हणजे १०० मीटर हिरवळीला ५०० लिटर, एका कुटुंबाला पुरेल इतकं. एवढं पाजून जुलैत बुरशीचे तपकिरी डाग पडायचे ते पडतातच. पुढच्या चार मीटरात चिरे अंतर ठेवून बसवा, फटींत साधं गवत येऊ द्या आणि महिन्यातून एकदा कापा.

भाजी

दक्षिणेच्या पट्टीत १.२ मीटर रुंद वाफे. पावसाळ्यात ते २० सेंटिमीटर उंच करायचे, हिवाळ्यात जमिनीच्या पातळीवर आणायचे. वर्षभर उंच ठेवले तर मार्चमध्ये दिवसातून दोनदा पाणी लागतं. जूनमध्ये भेंडी, दोडका, काकडी, पडवळ. दसऱ्यानंतर तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वांगी, मिरची, अळसांदे. तांबड्या भाजीचं बी चौपट वाळूत मिसळून फेका, म्हणजे दाट पडत नाही. २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. वाणांसाठी फार लांब जायला नको. हरमल आणि खोला या मिरच्या, आगशीचं वांगं, सात शिरांची भेंडी या सगळ्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बी एकदा मिळालं की शेवटच्या बहरातली दोन निरोगी फळं झाडावरच पिकू द्या.

खत-पाणी

मोठ्या माडाला वर्षाला १.१ किलो युरिया, १.६ किलो रॉक फॉस्फेट आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. तिसरा हिस्सा मे-जूनमध्ये, बाकी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पहिल्या वर्षी याचा दहावा भाग, दुसऱ्या वर्षी तिसरा, तिसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, मग पूर्ण. खत बुंध्याशी टाकण्यात अर्थ नाही. खाणारी मुळं १.८ मीटर त्रिज्येच्या आळ्यात पसरलेली असतात. पोफळीला २२० ग्रॅम युरिया, २०० ग्रॅम रॉक फॉस्फेट, २३० ग्रॅम पोटॅश, दोन हप्त्यांत, शिवाय १२ किलो कंपोस्ट आणि तेवढाच हिरवा पाला. रासायनिक नको असेल तरी पालाशाची सोय करावी लागते. चुलीची राख त्यासाठी बरी.

पाणी आळ्याने देणार तर माडाला चार दिवसांनी २०० लिटर, ठिबकने दिवसाला ३५ ते ४० लिटर. पोफळीला मार्च ते मे दर तीन-पाच दिवसांनी १७५ लिटर, ठिबकने दिवसाला १६ ते २०. म्हणजे दोन माड आणि सहा पोफळींना ठिबकवर दिवसाला दोनशे लिटर धरून चला. विहीर एप्रिलात एवढं देत नसेल तर पोफळी तीनच लावा, आताच. ऑक्टोबर संपायच्या आत सगळ्या आळ्यांवर चुडतं, सोडणं, पालापाचोळा १० सेंटिमीटर जाडीने पसरा, पण बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून.

काय बिघडतं

माडाच्या नव्या पानावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले की गेंड्या भुंगा. तो शेणखताच्या ढिगात आणि कुजलेल्या माडाच्या ओंडक्यात अंडी घालतो, म्हणून ढीग महिन्यातून एकदा उलथा आणि अळ्या वेचा. वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत २५० ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून वर्षातून तीनदा भरा. खोडातून तपकिरी चिकट द्रव झिरपत असेल तर तो सोंड्या भुंगा. तिथे घरगुती उपायांत वेळ घालवू नका, विभागीय कृषी कार्यालयातून माणूस बोलवा.

पोफळीच्या सुपाऱ्या जुलैत हिरव्याच गळू लागल्या आणि त्यांवर पांढरी बुरशी दिसली तर कोळे रोग. तेव्हा फवारून उपयोग नसतो. एक टक्का बोर्डो मिश्रण मेअखेरीस घडांवर बसलं पाहिजे आणि ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून पुन्हा. १० लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता. लोखंडी सुरी त्यात बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. हेच मिरीच्या बुंध्याशी जूनच्या सुरुवातीला ओतलं तर मूळकूज आवरते.

शंखगोगलगायी पहिल्या पावसानंतर रात्री निघतात. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा, सकाळी त्याखालच्या वेचून मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजे घालून, कारण त्यांच्यातून माणसाला परजीवी लागू शकतात. माकडांवर खात्रीचा उपाय नाही. हळद, आलं, मिरी त्यांना नको असतात, केळी आणि पपई हव्याच असतात, तेव्हा त्या दोन्ही स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर असाव्यात.

आणि झाड चुकीच्या जागी लागलं तर ते लहान असतानाच हलवा. मोठं झालं की १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे तोडायला वनखात्याची परवानगी लागते, स्वतःच्या प्लॉटातलं असलं तरी.